विश्लेषण : हयातीत पूर्ण होणार नाही हे माहीत असूनही चार दशके एकाच चर्चसाठी… कोण होते अंतोनी गौदी?

स्पेनच्या बार्सिलोना शहरातील साग्रादा फॅमिलिया हे सध्या जगातील सर्वात उंच चर्च आहे. त्याचे बांधकाम १८८२ मध्ये सुरू झाले आणि ते अजूनही पूर्णपणे संपलेले नाही. या चर्चला आजचे रूप देणारे वास्तुविशारद अंतोनी गौदी यांच्या मृत्यूला १० जून २०२६ रोजी शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. मृत्यूच्या वेळी त्यांच्या चर्चचा जेमतेम एक मनोरा पूर्ण झाला होता. दहा वर्षांनी त्यांची कार्यशाळाही जळाली. मग हे काम पुढे कसे गेले? आणि आज उभे असलेले चर्च खरोखर गौदी यांचेच आहे का?

७ जून १९२६ रोजी काय घडले?

त्या दिवशी संध्याकाळी ७३ वर्षांचे गौदी नेहमीप्रमाणे पायी सांत फेलिप नेरी चर्चकडे निघाले होते. ग्रान व्हिया या रुंद रस्त्यावर त्यांना ट्रामची धडक बसली. अंगावर जुने, विरलेले कपडे होते आणि खिशात ओळख पटवणारे एकही कागदपत्र नव्हते. रस्त्यावरच्या लोकांनी त्यांना भिकारी समजले. टॅक्सीचालकही त्यांना गाडीत घ्यायला तयार नव्हते. अखेर त्यांना सांता क्रेऊ या गरिबांच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले.

रात्री गौदी परतले नाहीत, तेव्हा चर्चमधील लोकांनी शोध सुरू केला. दुसऱ्या दिवशी साग्रादा फॅमिलियाच्या धर्मगुरूंनी त्यांना रुग्णालयात ओळखले. तोवर उशीर झाला होता. १० जून रोजी त्यांचे निधन झाले. दोन दिवसांनी निघालेल्या अंत्ययात्रेला मात्र अवघे शहर लोटले. त्यांचे दफन त्यांच्याच अपूर्ण चर्चच्या तळघरात करण्यात आले.

ज्या शहरात त्यांनी डझनभर प्रसिद्ध इमारती उभारल्या, तिथल्याच रस्त्यावर त्यांना कोणी ओळखू नये, ही वेळ का आली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

तांबटाचा मुलगा वास्तुविशारद कसा झाला?

गौदी यांचा जन्म २५ जून १८५२ रोजी कॅटलोनियात, रेउस शहराच्या परिसरात झाला. त्यांचे वडील तांबट होते. पाच भावंडांत अंतोनी सर्वात धाकटे. लहानपणीच संधिवाताने गाठल्यामुळे इतर मुलांसारखे खेळणे-बागडणे त्यांच्या वाट्याला फारसे आले नाही. त्यामुळे बराच वेळ वडिलांच्या कारखान्यात आणि गावाबाहेरच्या शेता-माळावर जाई.

या दोन्ही गोष्टी पुढे कामी आल्या. तांब्याचा सपाट पत्रा ठोकून ठोकून त्याचे गोल भांडे कसे होते, हे त्यांनी रोज पाहिले होते. आकार कागदावर न पाहता थेट अवकाशात पाहायची सवय आपल्याला वडिलांच्या कामामुळे लागली, असे ते पुढे मानत. आणि झाडे, शंख, हाडे, गोगलगायी यांचे आकार त्यांच्या इमारतींत आयुष्यभर येत राहिले.

बार्सिलोनातील वास्तुकला विद्यालयातून ते १८७८ मध्ये पदवीधर झाले. हा आनंद साजरा करायला घरात फारसे कोणी उरले नव्हते. दोनच वर्षांपूर्वी, १८७६ मध्ये, नुकताच डॉक्टर झालेला भाऊ आणि पाठोपाठ आई असे दोन मृत्यू घरात झाले होते. १८७९ मध्ये बहीणही गेली. तिच्या लहान मुलीला, रोझाला, गौदी आणि त्यांच्या वडिलांनी वाढवले. गौदी यांनी लग्न केले नाही.

पदवीच्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एका हातमोजे विक्रेत्यासाठी त्यांनी बनवलेली काचेची शोकेस कापड उद्योजक एउसेबी ग्वेल यांच्या नजरेत भरली. या ओळखीतून चार दशकांचे नाते जुळले. ग्वेल महाल, ग्वेल पार्क, ग्वेल वसाहतीचे चर्च अशी एकेक कामे ग्वेल यांनी गौदी यांच्याकडे सोपवली आणि खर्चाबाबत फारशी कुरकुर केली नाही.

साग्रादा फॅमिलियाचे काम त्यांच्याकडे कसे आले?

ही कल्पना गौदी यांची नव्हती. जोसेप मारिया बोकाबेला या पुस्तकविक्रेत्याने १८६६ मध्ये संत जोसेफ यांच्या भक्तांची संघटना स्थापन केली होती. औद्योगिक क्रांतीमुळे शहर झपाट्याने बदलत होते, कामगारवस्त्या वाढत होत्या, धर्मापासून लोक दूर जात होते. अशा काळात पवित्र कुटुंबाला, म्हणजे येशू, मेरी आणि जोसेफ यांना वाहिलेले चर्च उभारावे, असे या संघटनेने ठरवले. साग्रादा फॅमिलिया या नावाचा अर्थही पवित्र कुटुंब असाच आहे.

हे चर्च प्रायश्चित्ताचे असेल, अशीही अट होती. म्हणजे त्याचा खर्च राजाने किंवा सरकारने करायचा नाही, तर भाविकांच्या देणग्यांतून करायचा. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर वर्गणीतून. वर्गणी आली तर काम पुढे सरकणार, आटली तर थांबणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते.

१९ मार्च १८८२ रोजी पायाभरणी झाली. पहिले वास्तुविशारद फ्रान्सिस्को दे पाउला देल व्हिलार यांनी त्या काळच्या प्रथेप्रमाणे गॉथिक शैलीचा आराखडा केला होता. वर्षभरातच बांधकाम साहित्यावरून वाद झाला आणि त्यांनी काम सोडले. नोव्हेंबर १८८३ मध्ये ही जबाबदारी गौदी यांच्याकडे आली. तेव्हा ते अवघे ३१ वर्षांचे होते आणि नावावर मोठी म्हणावी अशी एकही इमारत पूर्ण झालेली नव्हती.

सुरुवातीला हे त्यांच्यासाठी अनेक कामांपैकी एक काम होते. तळघरातील प्रार्थनागृह १८८९ पर्यंत झाले. त्याच सुमारास एक मोठी निनावी देणगी मिळाली आणि गौदी यांनी जुना आराखडा बाजूला ठेवून अठरा मनोऱ्यांचे भव्य चर्च कल्पिले. बारा मनोरे येशूच्या बारा शिष्यांचे, चार शुभवर्तमान लिहिणाऱ्यांचे, एक मेरीचा आणि मधला सर्वात उंच येशूचा. या मधल्या मनोऱ्याची नियोजित उंची १७२.५ मीटर आहे. शहरालगतच्या मोंजुइक टेकडीपेक्षा ती किंचित कमी ठेवली आहे. माणसाने बांधलेली वास्तू देवाने घडवलेल्या डोंगरापेक्षा उंच असू नये, अशी त्यामागची भावना होती.

उलट्या टांगलेल्या दोऱ्यांचे तंत्र काय आहे?

दगड दाब सहन करतो, पण ताण सहन करत नाही. दगडावर दगड रचला तर तो टिकतो, दगड ओढला की तुटतो. म्हणूनच युरोपातील जुन्या गॉथिक चर्चमध्ये उंच भिंती बाहेर कलंडू नयेत म्हणून बाहेरून दगडी टेकू द्यावे लागत. गौदी यांना हे टेकू कुबड्यांसारखे वाटत.

त्यांनी वेगळा मार्ग शोधला. दोन खिळ्यांना सैल बांधलेली दोरी स्वतःच्या वजनाने खाली झुकून एक वक्र तयार करते. या वक्राला कॅटेनरी म्हणतात. दोरीत फक्त ताण असतो. हाच वक्र उलटा करून दगडात बांधला, तर त्या कमानीत फक्त दाब उरतो, आणि दाब सहन करणे हेच तर दगडाचे काम. गणितज्ञांना हे तत्त्व सतराव्या शतकापासून माहीत होते. गौदी यांनी त्यावरून अख्खी इमारत घडवली.

ग्वेल वसाहतीच्या चर्चसाठी त्यांनी छताला दोऱ्यांचे जाळे टांगले. इमारतीच्या ज्या भागावर जितके वजन येणार, त्या प्रमाणात तिथे शिशाच्या छर्ऱ्यांच्या लहान पिशव्या अडकवल्या. लांबी-रुंदीचे प्रमाण एकास दहा आणि वजनाचे एकास दहा हजार ठेवले. एक पिशवी हलवली की सगळे जाळे आपोआप नवा आकार घेई. मग त्याचे छायाचित्र काढून ते उलटे धरायचे, की इमारतीचा सांगाडा तयार. आज संगणकावर जे विश्लेषण सॉफ्टवेअर करते, ते गौदी यांच्याकडे गुरुत्वाकर्षण करत होते.

या प्रयोगांत जवळपास दहा वर्षे गेली. १९०८ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १९१४ मध्ये थांबले. ग्वेल वसाहतीत केवळ तळमजल्याचे प्रार्थनागृह उभे राहिले. मात्र तिथे मिळालेला धडा गौदी यांनी साग्रादा फॅमिलियात वापरला. तिथले खांब सरळ नाहीत, झाडाच्या खोडांसारखे किंचित कललेले आहेत आणि वर जाऊन फांद्यांसारखे फुटतात. छताचे वजन या फांद्यांतून थेट जमिनीत उतरते. बाहेरच्या टेकूंची गरजच उरत नाही.

एकच बाजू आधी का बांधली?

गौदी यांच्या आयुष्यातील सर्वात महत्त्वाचा निर्णय बहुधा हाच. कोणतीही इमारत साधारणपणे पाया, मग सगळीकडे सारख्या उंचीच्या भिंती आणि शेवटी छप्पर अशी वाढते. गौदी यांनी तसे केले नाही. त्यांनी चर्चची पूर्वेकडील एकच दर्शनी बाजू हाती घेतली आणि तीच तळापासून मनोऱ्यांच्या टोकापर्यंत नेण्याचे ठरवले.

त्यामागचा हिशेब साधा होता. वर्गणीच्या वेगाने हे चर्च आपल्या हयातीत होणार नाही, हे त्यांना कळून चुकले होते. सगळीकडे कंबरेएवढ्या भिंती उभारून ते गेले असते, तर पुढच्या पिढीने त्यावर काहीही बांधले असते किंवा काम सोडून दिले असते. पण एक बाजू पूर्ण उंचीची, शिल्पांनी भरलेली उभी राहिली, तर उरलेले चर्च कसे असावे हे कोणाला सांगावे लागणार नाही. शिवाय ती पाहून लोक देणग्या देत राहतील.

कोणती बाजू आधी घ्यायची, हेही त्यांनी विचारपूर्वक निवडले. येशूच्या यातना दाखवणारी पश्चिमेकडची बाजू त्यांना रूक्ष आणि हाडांसारखी कठोर हवी होती. तीच आधी बांधली असती तर लोक बिचकले असते, असे त्यांचे मत होते. म्हणून येशूच्या जन्माची, पाने-फुले-पक्ष्यांनी भरलेली बाजू आधी आली. तिच्या शिल्पांसाठी त्यांनी परिसरातील सामान्य माणसांना नमुना म्हणून उभे केले आणि प्राण्यांचे प्लॅस्टरचे साचे घेतले. दोन खांबांच्या तळाशी कासवे आहेत. समुद्राच्या बाजूला समुद्री कासव आणि डोंगराच्या बाजूला जमिनीवरचे.

या कामाची किंमत काय होती?

तरुणपणी गौदी नीटनेटक्या पोशाखाचे शौकीन होते. १८९४ मध्ये, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात त्यांनी इतका कडक उपवास केला की जीव धोक्यात आला. एका धर्मगुरूंनी समजूत घातल्यावर त्यांनी तो सोडला. त्यानंतर त्यांचा ओढा धर्माकडे वाढत गेला.

काम मात्र जोरात होते. कासा बाट्यो, कासा मिला, ग्वेल पार्क या बार्सिलोनाची ओळख बनलेल्या वास्तू याच काळातल्या. कासा मिलाच्या लाटांसारख्या दगडी भिंती पाहून लोकांनी तिला दगडाची खाण असे टोपणनाव दिले. मानधनावरून घरमालकांशी झालेला खटला गौदी जिंकले आणि मिळालेली रक्कम त्यांनी धर्मकार्याला देऊन टाकली.

१९०९ च्या जुलैत बार्सिलोनात मोठा उद्रेक झाला. सक्तीच्या सैन्यभरतीविरोधात रस्त्यावर उतरलेल्या कामगारांचा राग चर्चवरही निघाला आणि अनेक चर्च व मठ जाळले गेले. साग्रादा फॅमिलिया त्यातून वाचले. त्याच वर्षी गौदी यांनी बांधकाम कामगारांच्या आणि परिसरातील मुलांसाठी चर्चच्या आवारात एक छोटी शाळा उभारली. तिचे लाटेसारखे छप्पर आजही वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना दाखवले जाते.

या काळात जवळची माणसे एकेक करून गेली. १९०६ मध्ये वडील, १९१२ मध्ये भाची रोझा, १९१४ मध्ये जवळचे सहकारी फ्रान्सेस्क बेरेंगेर, १९१८ मध्ये ग्वेल. १९१४ नंतर गौदी यांनी दुसरे कोणतेही नवे काम घेतले नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात देणग्या आटल्या, तेव्हा ते स्वतः लोकांच्या दारी जाऊन चर्चसाठी पैसे मागू लागले. जुन्या कपड्यांतल्या म्हाताऱ्याला येताना पाहून ओळखीचे लोकही टाळू लागले, असे सांगितले जाते.

सप्टेंबर १९२४ मध्ये, प्रिमो दे रिव्हेरा यांच्या हुकूमशाहीच्या काळात, प्रार्थनेला निघालेल्या गौदी यांना पोलिसांनी अडवले. त्यांनी पोलिसांशी स्पॅनिशऐवजी मातृभाषा कॅटलानमध्येच बोलण्याचा आग्रह धरला आणि ७२ व्या वर्षी काही तास कोठडीत काढले. शेवटचे काही महिने ते घर सोडून चर्चमधील कार्यशाळेतच राहत होते. ३० नोव्हेंबर १९२५ रोजी जन्मदृश्याच्या बाजूचा संत बार्नबस मनोरा पूर्ण झाला. पूर्ण झालेला एवढा एकच मनोरा ते पाहू शकले.

कार्यशाळा जळाल्यावर काम पुढे कसे गेले?

गौदी यांच्यानंतर सहकारी डोमेनेक सुग्रान्येस यांनी त्या बाजूचे उरलेले तीन मनोरे १९३० पर्यंत पूर्ण केले. पण जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. जमावाने तळघराला आणि कार्यशाळेला आग लावली. आराखडे जळाले, प्लॅस्टरच्या प्रतिकृतींचे तुकडे तुकडे झाले.

इथे गौदी यांची भूमिती उपयोगी पडली. त्यांनी मनाला येईल तसे वक्र आकार वापरले नव्हते. त्यांचे बहुतेक आकार हायपरबोलॉइड, पॅराबोलॉइड अशा कुळातले आहेत. दिसायला ते वळणदार असतात, पण सरळ रेषा तिरक्या ठेवून तयार होतात. औष्णिक वीज केंद्राचे मधोमध बारीक होणारे कूलिंग टॉवर हे त्याचे सर्वात परिचित उदाहरण. अशा आकाराचा एक तुकडा जरी हाती लागला, तरी त्याची मापे घेऊन उरलेला आकार गणिताने काढता येतो.

सहकाऱ्यांनी तुकडे गोळा केले, वर्षानुवर्षे जोडले. १९५४ मध्ये यातनादृश्याच्या बाजूचे काम सुरू झाले. पुढे न्यूझीलंडचे वास्तुविशारद मार्क बरी यांच्यासारख्या तज्ज्ञांनी विमानांच्या आरेखनासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर या कामी आणले. आतील भागाला छप्पर पडले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या हस्ते चर्चचा अभिषेक होऊन त्याला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला. त्याआधी २००५ मध्ये गौदी यांच्या हयातीत झालेली जन्मदृश्याची बाजू आणि तळघर यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला होता. बाकीचे चर्च त्या यादीत नाही.

मग वाद कशाचा?

पहिला वाद हाच, की हे चर्च गौदी यांचे किती आणि नंतरच्यांचे किती? १९६५ मध्ये ल कॉर्ब्युझिए, जोआन मिरो यांच्यासह अनेक नामवंतांनी काम थांबवण्याचे जाहीर आवाहन केले होते. मूळ आराखडे उरले नसताना पुढे बांधणे म्हणजे गौदी यांच्या नावावर दुसऱ्याचे काम खपवणे, असा त्यांचा आक्षेप होता. जोसेप मारिया सुबिराक्स यांची यातनादृश्यावरील टोकदार, कोनीय शिल्पे आली तेव्हाही हाच वाद पुन्हा उफाळला. समर्थकांचे उत्तर असे की, मध्ययुगातील मोठी चर्चही पिढ्यानपिढ्या वेगवेगळ्या हातांनीच बांधली गेली आणि गौदी यांना हेच अपेक्षित होते.

दुसरा वाद कागदपत्रांचा. १८८५ मध्ये तेव्हाच्या स्थानिक प्रशासनाकडे बांधकाम परवानगी मागितली होती, पण ती कधी मिळालीच नाही. पुढे तो भाग बार्सिलोनात विलीन झाला. अखेर २०१९ मध्ये महापालिकेने ४६ लाख युरो शुल्क घेऊन परवाना दिला.

तिसरा वाद सर्वात नाजूक आहे. दक्षिणेकडील मुख्य दर्शनी बाजू अजून बाकी आहे. तिच्यासमोर भव्य पायऱ्या व्हायच्या तर रस्त्यापलीकडच्या निवासी इमारती पाडाव्या लागतील. तिथले रहिवासी याला विरोध करत आहेत. या पायऱ्या गौदी यांच्याच कल्पनेतल्या होत्या का, यावरही एकमत नाही.

आज काय स्थिती आहे?

३० ऑक्टोबर २०२५ रोजी मधल्या मनोऱ्याचा एक भाग वर चढला आणि चर्चची उंची १६२.९१ मीटर झाली. जर्मनीतील उल्म शहराच्या १६१.५३ मीटर उंच चर्चचा १८९० पासूनचा विक्रम त्याने मोडला. मुख्य दर्शनी बाजूचे काम मात्र आणखी काही वर्षे चालणार आहे. वर्गणीवर सुरू झालेल्या या बांधकामाचा मोठा खर्च आता पर्यटकांच्या तिकिटांतून भागतो.

दरम्यान, एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी गौदी यांच्या पुण्यशील जीवनाला मान्यता दिली. कॅथलिक परंपरेत संतपदाच्या वाटेवरची ही एक पायरी आहे. पुढच्या टप्प्यासाठी त्यांच्या नावे चमत्कार सिद्ध व्हावा लागतो.

एका माणसाच्या हयातीत न मावणारे काम पुढच्यांच्या हाती कसे द्यायचे, या प्रश्नाला गौदी यांनी दोन उत्तरे दिली होती. पाहून पुढे जाता येईल अशी पूर्ण उंचीची एक बाजू आणि तुकड्यांतूनही सापडेल अशी भूमिती. चर्च इथवर आले ते या दोन गोष्टींच्या बळावर. पण समोरच्या इमारतीतील कुटुंबांचे काय करायचे, याचे उत्तर त्यांच्या कोणत्याही प्रतिकृतीत मिळणार नाही. ते आजच्या बार्सिलोनालाच शोधावे लागेल.